कांजी केलेली हाफपँट

"गुडघ्याच्या वर दोन बोटं," आप्पा म्हणाले आणि पायजम्यावरूनच स्वतःच्या गुडघ्यावर दोन बोटं आडवी ठेवून त्यांनी दाखवली. "त्याच्या खाली गेली की ती बर्मुडा. आणखी वर गेली की शाळेची चड्डी. दोन बोटं, बस."

प्रणीत खाटेच्या कडेवर बसला होता. त्याच्या मांडीवर आमची रेवा, सात महिन्यांची, बापाच्या शर्टाचं बटण तोंडात घ्यायच्या खटपटीत. समोर फरशीवर एक खोका उघडा पडला होता आणि खोक्याशेजारी, कुणाच्याही आधाराशिवाय, एक हाफपँट उभी होती.

उभी म्हणजे खरोखरच उभी. आप्पांनी तिला कांजी केली होती.

"लिननला कुणी कांजी करतं का?" आई दारातून म्हणाली. "किती सांगितलं, ऐकतील तर शपथ. आता ती उठून चालायला लागेल."

"मऊ कपडा म्हणजे पोतेरं," आप्पा म्हणाले. "इस्त्रीची धार बघा जावईबुवा. बोट कापेल."

आप्पांचा सगळा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेला. पांढरा युनिफॉर्म, आठवड्याच्या आठवड्याला कांजी, आणि इस्त्री स्वतःच्या हातानं, जेवणाच्या टेबलावर घोंगडी अंथरून. आप्पा निवृत्त झाले तरी कांजी निवृत्त झाली नव्हती. घरात पडदेसुद्धा पत्र्यासारखे वाजायचे.

"रंग मी मुद्दाम बदामी घेतला," ते पुढे सांगत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "जळगावचा तो दुकानदार निळा गळ्यात मारत होता. म्हटलं, निळ्यावर घाम वाळला की मिठाचे वळ उठतात. बदामी दे. बाजूला मोठे खिसे लोंबणाऱ्या पण होत्या. म्हटलं, आमच्या जावयाला त्यात पाना-पकड ठेवायचीय का? साधी दाखव. समोर एक चूण, कंबरेला पट्ट्याचे बंद. ढगळ नको, घट्टही नको. बसल्यावर मांडी दिसली नाही पाहिजे."

"ऐकलंस?" आई मला म्हणाली. "माझ्या लग्नातला शालू तरी इतका निवडून घेतला होता का, विचार."

"वरती पांढरा शर्ट," आप्पांनी दुसरा खोका उघडला, "अर्ध्या बाह्यांचा. आत खोचायचा. बाहेर सोडला तर माणूस दूध आणायला निघाल्यासारखा दिसतो. पट्टा बारीक, बुटांच्या रंगाचा. आणि हे बूट. यात मोजे असतात बरं का, पण दिसायचे नाहीत. दिसले की गेलं सगळं. घराबाहेर पडताना घाला. आत्ता पाय धुवायचेत."

प्रणीत हसला. खरंखुरं हसला, कारण आप्पा मजेशीरच दिसत होते, हातात बूट धरून आरतीचं तबक धरल्यासारखे. पण रेवाच्या फ्रॉकवरची त्याची मूठ आवळलेली मी पाहिली.

तो अधिक ज्येष्ठ होता. धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, औक्षण करायचं, नवा आहेर द्यायचा, धोंडे जेवायला घालायचे. आमच्याकडे जावयानं तो आहेर तिथल्या तिथं अंगावर घालायचा असतो. घडी तशीच परत नेली तर देणाऱ्याचा हात झिडकारला असं धरतात. तेवढ्यावरून दोन घरांमधलं येणं-जाणं बंद झालेलं आमच्या नात्यात मी पाहिलंय.

आमचं लग्न कोर्टात झालं होतं. प्रणीत आमच्यातला नव्हता. आप्पांनी पाय धुतले नव्हते, की मला निरोप दिला नव्हता. रेवाच्या जन्मापर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही असं आई सांगायची. मग त्या मेमध्ये त्यांचा स्वतःचा फोन आला. "धोंड्याचा महिना लागलाय. पाय धुवायचे राहिलेत. घेऊन ये त्यांना." एवढं बोलून ठेवून दिला. मी फोन हातात धरून ओट्याशी रडत उभी राहिले आणि प्रणीतनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन उरलेल्या पोळ्या लाटल्या.

नंतर आईनं फोनवर त्याच्या कंबरेचं माप विचारलं होतं. लांबी विचारली नाही. शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

"घालून बघा तुम्ही," आप्पा उठत म्हणाले. "मी रांजणातलं पाणी काढून ठेवतो. टाकीचं पाणी या दिवसांत अंगावर घ्यायच्या लायकीचं नसतं." दारात थांबून वळले. "मागं तुम्ही आला होतात तेव्हा इथला उन्हाळा पाहिलाय तुम्ही. त्रास नको म्हणून…" पुढं काही बोलायचं होतं त्यांना. बोलले नाहीत. गेले.

मागं म्हणजे लग्नाआधी. मी पुण्यात होते, प्रणीत एकटाच भुसावळला येऊन स्टेशनवर आप्पांना भेटून गेला होता. परतल्यावर मला फक्त एवढंच म्हणाला होता, "नाही म्हणतात." आणि दोन दिवस जेवला नव्हता.

आई रेवाला घेऊन गेली. मी दार लावलं. कूलरचा आवाज खोलीत घुमत होता. प्रणीतनं पँट काढून खुंटीला लावली आणि आम्ही दोघं त्याच्या पायांकडे बघत राहिलो, जणू तिसरंच कुणीतरी खोलीत आलंय.

मला सातवा महिना होता तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्यावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला. आम्ही म्हटलं, नायटा असेल. मग उजवीकडे. मग नडग्यांवर. रेवा जन्मली तेव्हा दोन्ही पाय गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत चुन्याचा हात फिरवल्यासारखे झाले होते, मध्येमध्ये मूळच्या सावळ्या रंगाची बेटं. डॉक्टर म्हणाल्या, कोड आहे, लागत नाही कुणाला, दुखत नाही, जीवाला काही धोका नाही. मलम दिलं. प्रणीतनं सगळं नीट ऐकून घेतलं, घरी आला आणि त्याच्या सगळ्या हाफपँटा एका पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या.

त्याला फार शौक होता त्यांचा. सायकलवाला माणूस, पाय घडीव. अलिबागला मित्राच्या लग्नात सगळे सुटात घामानं निथळत असताना हा गडद निळी हाफपँट, पांढरा शर्ट, वर सुती कोट घालून असा फिरत होता की नवरदेव त्याच्याकडे हेव्यानं बघत होता. डाग उठल्यावर मात्र तो घरातसुद्धा, रात्रीसुद्धा, पूर्ण पँट घालायचा. रेवाला मांडीवर घेऊन अंघोळ घालतानाही पायजमा भिजवून घ्यायचा. मी काही म्हणत नसे. माझ्या माहेरी आम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं. माहेरच नव्हतं, तर सांगणार कुणाला? आणि माहेर परत मिळालं ते हे असं, कांजी करून.

"मी आप्पांना सांगते, लहान झाली म्हणून," मी म्हटलं.

"माप तूच दिलंयस."

"मग सांगते, यांना हाफपँट आवडत नाही."

प्रणीतनं माझ्याकडे बघितलं. "ते सांगू नकोस."

"अरे, आत्या आहे बाहेर. मागच्या अंगणात मांडे करतेय. तिच्या तोंडी एक गोष्ट लागली की मांडा गार व्हायच्या आत ती जळगावला पोचलेली असते. म्हणतील लपवून लग्न केलं. म्हणतील, म्हणूनच कोर्टात केलं. आणि आप्पा… आप्पा आज कुठं बोलायला लागलेत, प्रणीत."

"म्हणूनच घालायला हवी."

"म्हणजे?"

"आहे एक. तुला नाही सांगितलेलं." त्यानं हाफपँट उचलली. ती त्याच्या हातात फळीसारखी आडवी राहिली. "आज हिला नाही म्हटलं, तर परत कधी ते मला काही देणार नाहीत. आणि ही मला त्यांच्याकडून हवीय, हर्षा."

त्यानं एक पाय घातला. दुसरा घातला. आत हवा अडकून फट्‌ असा आवाज झाला. कंबरेला अगदी बरोबर. लांबी दोन बोटं वर, तंतोतंत. पांढरा शर्ट आत खोचला, पट्टा लावला. कंबरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत माझा नवरा जाहिरातीतल्यासारखा देखणा दिसत होता. त्याच्या खाली मी बघू शकत नव्हते.

मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. पर्स उघडली, फाउंडेशनची बाटली काढली आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. बोटानं पसरवत गेले. तो उभा राहिला. कूलरच्या वाऱ्यानं ते लावता लावता वाळत होतं आणि त्याला भेगा पडत होत्या. माझा रंग उजळ, त्याचा सावळा. पांढऱ्यावर माझा रंग चढला तो आणखीनच वेगळा, चिकणमातीसारखा. मी आणखी घेतलं. आणखी लावलं. माझ्या नाकावरून घाम टपटप त्याच्या पायावर पडत होता आणि पडेल तिथं पुन्हा पांढरं उघडं होत होतं.

"हर्षा," तो वरून म्हणाला, अगदी हळू. "पाय धुणार आहेत ते."

माझं बोट थांबलं.

"तुझी ती बाटली तरी वाचव," तो म्हणाला आणि हसायला गेला. ते त्याला जमलं नाही. त्यानं टॉवेल ओला केला आणि स्वतःच वाकून, पाठमोरा होऊन, ते सगळं पुसून काढलं. मी तशीच फरशीवर बसून राहिले. बाटलीचं झाकण मला काही केल्या लागत नव्हतं.

बाहेरून आत्याचा आवाज आला. "काय गं हर्षाली, जावयाला नटवतेस का नवरीसारखं? आण की बाहेर! खापर तापून लाल झालंय, मी कधीची उभी आहे इथं!"

पडवीत पाट मांडला होता. भोवती रांगोळी. शेजारच्या दोन काकू पदर सावरून बसलेल्या. पितळेची परात, तांब्या, आप्पांच्या खांद्यावर नवाकोरा पंचा. आईच्या हातात तबक. रेवा आत्याच्या कडेवर, तिच्या गळ्यातली माळ ओढत.

प्रणीत बाहेर आला. चालताना हाफपँट करकर वाजत होती. आप्पांची नजर आधी तिच्यावरच गेली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देवा, हे इथंच थांबव. त्यांनी इस्त्रीची धार पाहिली, पट्टा पाहिला, शर्ट पाहिला. "वा," म्हणाले. "वा. साहेब दिसता."

मग त्यांची नजर खाली आली.

प्रणीत पाटावर बसला. पाय परातीत ठेवले. आप्पा त्याच्या समोर बसले आणि त्यांनी तांब्या उचलला. त्यांना गुडघ्यावरून पाणी सोडायची सवय, नात्यातल्या बाकीच्या जावयांचे पाय ते तसेच धुवायचे, त्यांचं धोतर वर सरकवून. पाणी हाफपँटच्या कडेला लागलं आणि कांजी विरघळली. पांढुरकं, दुधाळ पाणी दोन्ही नडग्यांवरून ओघळलं. क्षणभर सगळंच पांढरं झालं. काकू एकमेकींकडे बघून मानेनं काहीतरी विचारत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या तांब्यानं कांजी वाहून गेली. डाग तिथंच होते.

"अगंबाई," आत्या पुढे वाकली. "हे काय गं पायाला?"

"भाजलंय," आई म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि तेवढ्यात तिनं रचलं. "उकळतं पाणी सांडलं होतं त्यांच्या पायावर. मला बोलली होती ही. हो ना गं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान कुठल्या बाजूला हलली असती, मला अजून माहीत नाही. हलायच्या आत प्रणीत बोलला.

"नाही आई, भाजलेलं नाही. कोड आहे. रेवाच्या वेळी हिला सातवा महिना होता, तेव्हापासून." मग आत्याकडे बघून म्हणाला, "लागत नाही कुणाला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"लागत नाही ते खरं हो," आत्या म्हणाली. आणि कडेवरच्या रेवाचा फ्रॉक तिनं हळूच वर केला. दोन्ही गुडघे उजेडाकडे वळवून पाहिले. एक पाय उचलून मागची बाजू पाहिली. बाजारात भेंडी उलटसुलट करून बघतात तशी. "पण पोरीची जात आहे. रक्तात असतं हे. लक्ष ठेवा बाई."

मी जाऊन तिच्याकडून रेवाला घेतलं. घेतलं म्हणजे ओढूनच घेतलं. रेवा रडायला लागली.

आप्पांनी एवढ्या वेळात मान वर केली नव्हती. प्रणीतचा उजवा पाय त्यांच्या हातात होता. तो त्यांनी धुतला, घाईघाईनं, भांडं खंगाळल्यासारखा. डाव्यावर नुसतं वरून पाणी ओतलं. हात लावला नाही. खांद्यावरचा पंचा आईकडे टाकला. "पूस," म्हणाले आणि उठून मागच्या दारानं गेले.

आईनं पाय पुसले. कुंकू लावलं. काकूंपैकी एक दुसरीला म्हणाली, "ऊन फार आहे नाही आज." प्रणीत पाटावर ताठ बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण रेवाला घेऊन मी मागच्या अंगणात निघाले. ती रडत होती, हे कारण मला पुरलं.

मागं मोरीशी नळावर आप्पा उभे होते. पाठमोरे. कपडे धुवायचा साबण त्यांच्या हातात होता आणि ते हात धूत होते. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून, पार कोपरापर्यंत. धुतले. पुन्हा साबण फिरवला. पुन्हा धुतले. कारखान्यातून सुटलेला माणूस ऑइल काढतो तसे.

रेवानं हुंदका दिला. आप्पा वळले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या साबणाकडे. तो तिथं कसा आला हे त्यांनाच कळत नसावं असा त्यांचा चेहरा झाला.

"जेवायच्या आधी…" ते म्हणाले.

मी रेवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"शिकलोय गं मी," आप्पा म्हणाले. "लागत नाही, ठाऊक आहे मला. आमच्या लॉबीत, गार्डांच्या ड्यूटीच्या खोलीत, तावडे होता, त्याला होतं. एका डब्यात जेवलोय आम्ही. पण आत्ता तिथं सगळ्यांसमोर… हातच आले इकडे."

नळ चालूच होता. मला ओरडायचं होतं. रेवा याच पायांवर झोपते, मी याच माणसाशेजारी झोपते, असलं काही. पण माझ्या नखांत अजून ते चिकणमातीसारखं भरलेलं होतं. मी तो हात त्यांच्यापुढे केला.

"मी आत त्याच्या पायांना रंग लावत होते, आप्पा. झाकायला. त्यानं लावून घेतला गुमान. मग स्वतःच पुसला."

आप्पा माझ्या नखांकडे बघत राहिले. मग त्यांनी साबण दगडावर ठेवला. नीट, मध्यभागी.

"त्यानं तुला सांगितलं नाही ना?" ते म्हणाले. "स्टेशनवर काय झालं ते."

"नाही."

"तो आला होता तेव्हा हाफपँट घालून आला होता. निळी. वर पांढरा शर्ट, खोचलेला, पट्टा, बूट, सगळं जिथल्या तिथं. उन्हाचे दिवस होते, पोरगा पुण्याचा, त्याच्या लेखी ते चांगले कपडे होते. हातात पेढ्यांचा पुडा. मी ड्यूटीवरून उतरलो होतो. लॉबीत सगळा स्टाफ होता. तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी पाय मागं घेतले. म्हटलं, आधी पँट घाल, मग माणसांत ये. मोठ्यानं म्हटलं. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, गार्डसाहेब, घाला याला लंगोट. त्यावर मीपण हसलो."

मी रांजणाच्या कट्ट्यावर बसले.

"तो पुडा त्यानं बाकावर ठेवला. 'येतो' म्हणाला आणि गेला. वर तोंड करून एक शब्द बोलला नाही. मी घरी परत येताना तो उन्हात प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असलेला दिसला मला. गाडीला अजून वेळ होता. सावलीत आम्ही होतो ना." आप्पांनी तोंडावरून ओला हात फिरवला. "माझ्यानं तोंडानं काही बोलवत नाही गं. म्हणून मी चार दुकानं हिंडलो. त्या दिवशीच्यापेक्षा चांगली हाफपँट द्यायची, सगळ्यांदेखत घालायला लावायची, आणि म्हणायचं, साहेब दिसता. एवढंच ठरवलं होतं. ते म्हणालो पण मी. आणि मग बघ काय केलं."

पडवीतून आत्याची हाक आली, "दादा, मांडे चामट होतील! जावयाला किती वेळ पाटावर बसवणार?"

आप्पा हलले नाहीत. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि ते स्वतःच्या धुतलेल्या हातांकडे असे बघत होते, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि परत करायला माणूस सापडत नसावा. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाप लाजला की लेकीनं कुठं बघायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. मी रेवाच्या टाळूकडे बघत राहिले.

मग रांजणाचं झाकण वाजलं. आप्पांनी तांब्या भरून घेतला होता. माझ्यापुढून ते पडवीत गेले. मी मागोमाग.

आईनं परात अजून उचलली नव्हती. प्रणीत उठायच्या बेतात होता. आप्पा त्याच्यापुढे पुन्हा खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, बसताना त्यांनी जमिनीला हात टेकला.

"डावा राहिला," ते म्हणाले.

"आता काय दादा," आत्या म्हणाली, "एकदा झालं ना धुऊन? कुंकूसुद्धा लावून झालं."

"डावा राहिलाय, प्रमिला." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू मांडे बघ."

काकू सरळ होऊन बसल्या. आईनं तबक खाली ठेवलं. प्रणीतनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाय पुढे केला. आप्पांनी टाच एका तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हातानं पाणी सोडलं. मग तांब्या बाजूला ठेवला. पावलापासून सुरू केलं. घोटा, मग नडगी, मग गुडघा. आमच्याकडे गुडघ्यापर्यंत हात कुणी लावत नाही, पावलापुरतं असतं ते. आप्पांचा हात पांढऱ्या कातडीवरून, सावळ्यावरून, पुन्हा पांढऱ्यावरून सावकाश गेला. गुडघ्याच्या वाटीवर अंगठा गोल फिरवला, लहान मुलाचे पाय चोळतात तसा. मग उजवा पाय ओढला आणि तोही पहिल्यापासून धुवायला घेतला.

त्यांची मान खाली होती. मला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं आणि त्यावर चढत गेलेली लाली. पडवीत पाण्याचा आवाज तेवढा.

प्रणीतच्यानं ते बघवेना. तो पुढे वाकला आणि त्यानं आप्पांचं मनगट धरलं.

"आप्पा, राहू द्या आता," तो हळूच म्हणाला. "सगळे बघतायत."

"तेव्हाही सगळे बघत होते," आप्पा म्हणाले आणि त्यांनी मनगट सोडवून घेऊन पुन्हा पाय हातात घेतला.